घोड्यांची नोट

साल १९९३. त्या वर्षीच्या मे महिन्यात बगदादने आपली पंचवीस दिनारची नोट रद्द केली, आणि अम्मानमधल्या कितीतरी घरांत ताटं वाढली गेली पण घास उतरले नाहीत. अशा घरांची मोजदाद कुणी केली नाही. वजीहाचं घर त्यातलंच एक. खरं तर तिचं घर नव्हतंच ते. अश्रफिय्याच्या टेकडीवर थोरल्या दिरांनी दिलेली मागची खोली होती.

तिची गोष्ट समजायची तर तीन वर्षं मागे जायला हवं. वजीहा आणि तिचा नवरा मुनीब कुवेतला होते. सालमियात मुनीबचा फोटोंचा स्टुडिओ होता, आणि वजीहा मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. त्यांना मूल नव्हतं. लोकांची मुलं मात्र मुनीबने जन्मापासून लग्नापर्यंत टिपली. इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं, तेव्हा इतर पॅलेस्टिनींसारखी तीही दोघं गाडीत मावेल तेवढं घेऊन बसरा-बगदादच्या वाटेने अम्मानला आली. कॅमेरे, दिवे, पडदे सगळं तिथेच राहिलं. उशीत शिवून आणलेल्या कुवेती नोटा तेवढ्या बरोबर आल्या.

त्या हेमंतात कुवेती नोट कुणी हातात धरेना. काल एक भाव, आज त्याच्या निम्मा. वजीहाने आठवडाभर दम धरला, मग घाबरली, आणि नोटांचा बाजार भरायचा त्या फैसल रस्त्यावर उभी राहून मिळेल त्या भावाला नोटा फुंकून आली. पुढच्या वर्षी कुवेत सुटलं आणि त्याच नोटा पुन्हा पूर्ण किमतीच्या झाल्या. शेजारच्या गल्लीतल्या निहाया नावाच्या बाईने आळसापोटी आपल्या नोटा विकल्याच नव्हत्या. तिने घरावर मजला चढवला. वजीहा गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली की तो नवा, बिनरंगाचा मजला समोर दिसे. मग ती पाठ करून चादरी पिळायची.

मुनीब त्या दोन वर्षांत मिटत गेला. भावाच्या गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचा, विचारलं तेवढं बोलायचा. मग ब्याण्णवच्या शेवटी हुसेनी मशिदीमागच्या गल्लीतला म्हातारा आर्मेनियन फोटोग्राफर, होव्सेप, मुलीकडे कॅनडाला जायला निघाला. दुकान भाड्याचं होतं, पण त्याची पागडी चार हजार जॉर्डनी दिनार. आत अंधारखोली, फोटो मोठे करायचं यंत्र, रंगवलेला पडदा, सगळं त्यातच. होव्सेपने मुनीबला आत नेऊन दाखवलं. औषधांचा तो आंबट वास नाकात गेला मात्र, मुनीब परतीच्या वाटेवर टेकडीच्या सगळ्या पायऱ्या चढेपर्यंत बोलत राहिला. पडदा कुठे हलवायचा, दिवा कुठे, वधूला कुठल्या बाजूने बसवायचं. दारात पोचल्यावर तो एकदम थांबला.

"पैसे कुठून आणायचे?" तो म्हणाला.

"बघू," वजीहा म्हणाली.

उरलेली शिल्लक आणि तिच्या बांगड्या धरून अडीच हजारांच्या थोडं वर होतं. होव्सेप जूनपर्यंत थांबायला तयार होता. "तुझा नवरा माझा पडदा फाडणार नाही," तो म्हणाला, "दुसरा कुणी आला तर इथे चपला विकेल."

अम्मानमध्ये तेव्हा कुवेतहून परतलेल्या मास्तरणी पैशाला पासरी होत्या. नोकरी मिळायची आशा नव्हती. वजीहा गेली ती सराफ बाजाराच्या तोंडाशी बसणाऱ्या अबू झुहदीकडे. परदेशी नोटा घ्यायच्या-द्यायच्या, हा त्याचा धंदा. दुकान कसलं, जिन्याखालची खोपटी. पुढे काचेची पेटी, तिच्यात देशोदेशीच्या नोटांच्या रबर लावलेल्या गड्ड्या, मागे स्टुलावर तो. तो तिच्या बापाच्या गावचा, पॅलेस्टाइनमधल्या बैत नत्तीफचा. गाव अठ्ठेचाळीस सालीच गेलं होतं, पण गावची लेक दारात आली तर तिला परत पाठवायचं नाही, एवढं गाव अजून शिल्लक होतं.

"काका, मला हे शिकवा."

"काय हे?"

"नोटांनी नोटा विकत घेणं."

अबू झुहदीने चष्म्यावरून पाहिलं. "तू मास्तरीण ना? मुलींना बेरजा शिकव. इथे आलेली माणसं वजाबाकी शिकून जातात."

"बेरजा शिकवायला कुणी बोलवत नाही."

"मुनीबला ठाऊक आहे?"

"मुनीबसाठीच आहे."

म्हाताऱ्याने शेजारच्या हॉटेलवाल्याला चहा सांगितला. दोन कप सांगितले, तेव्हा वजीहाला कळलं की आपण बसायचं.

पहिले काही दिवस त्याने तिला नुसतं ऐकायला लावलं. गिऱ्हाईक यायचं, "रियाल काय भाव?" विचारायचं, आणि अबू झुहदी एका दमात दोन आकडे सांगायचा.

"दोन का सांगता?" तिने विचारलं. "त्याला घ्यायचेत की द्यायचेत ते आधी विचारावं ना."

"अजिबात विचारायचं नाही. तो घेणार हे कळलं की तुझी जीभ आपोआप वर सरकते. विकणार हे कळलं की खाली. मग बाजारात नाव होतं, ही बाई तोंड बघून भाव सांगते. दोन्ही सांगून टाक. एका भावाने आपण घेणार, दुसऱ्याने देणार. त्याला हवा तो तो उचलेल."

"आणि आपल्याला काय?"

"दोन्हींच्या मधली फट. त्या फटीत माझी चार मुलं वाढली."

"फट जरा मोठी केली तर?"

"गिऱ्हाईक शेजारी जातं."

"लहान केली तर?"

"मुलं रोड होतात."

वजीहा हसली. कितीतरी दिवसांनी हसली, त्यामुळे गालही दुखल्यासारखे झाले.

मग तिला नोटा हाताळायला शिकवलं. अंगठ्याने कड उडवत मोजायचं, ओठांशी बोट न्यायचं नाही. डॉलरला घडी पडली असेल तर भाव कमी. सीरियाची लिरा मळलेली असेल तरी चालते, हज यात्रेकरूंचा रियाल ओलसर असतो. आणि इराकी दिनार दोन प्रकारचे. युद्धाआधीची पंचवीसची नोट परदेशात छापलेली: जाड कागद, रेषा केसासारख्या, वर घोडे. युद्धानंतर बगदादने नाकेबंदीत घरीच छापायला घेतलेल्या नोटा पातळ, पुसट; घामेजल्या हाताने धरल्या तर रंग बोटाला लागायचा. बाजार जुन्या नोटेला "घोडे" म्हणायचा आणि नव्यांना काय म्हणायचा ते लिहिण्यासारखं नाही. घोड्यांना भाव जास्त.

आणि सगळ्यात मोठा नियम त्याने तिला असाच, दार ओढता ओढता सांगितला. दिवस मावळायच्या आत पेटी रिकामी करायची. दिवसभरात जमलेलं सगळं परदेशी चलन, थोडं नुकसान सोसूनही, कुणाला तरी विकून टाकायचं. घरी न्यायचे ते फक्त आपले जॉर्डनी दिनार.

"आपलं दुकान बंद असतं तेव्हा सरकारं उघडी असतात," तो म्हणाला. "सकाळी आपण नोट म्हणून उचलतो, ती एव्हाना कागद झालेली असते. म्हणून कुठल्या नोटेवर जीव जडवायचा नाही. पेटी रिकामी, तर झोप भरलेली."

वजीहाने मान डोलावली. पेटी रिकामी होते तेव्हा तिच्यातलं सगळं कुठे जातं, हा प्रश्न गणिताच्या मास्तरणीला पडायला हवा होता. पडला नाही.

ती धंद्याला लागली. हाशमी चौकाच्या फरशीवर इराकी बायका सिगारेटी, खजूर, घरातले चहाचे पेले मांडून बसायच्या. सकाळी वजीहा त्यांच्याकडून इराकी दिनार घ्यायची, दुपारी ट्रकवाल्यांना किंवा अबू झुहदीला द्यायची. दोन भाव सांगायची, तोंड बघून जीभ हलू द्यायची नाही. बायकांना ती आवडली. रोज दोन-तीन दिनार सुटायचे. संध्याकाळी तिळाचा काक, तो गोल पाव, घेऊन ती घरी यायची तेव्हा थोरली जाऊ, उम्म रायिक, दारातच असायची.

"आल्या बँकवाल्या! आज डॉलर कसा होता? आम्हाला तर टोमॅटोचासुद्धा भाव परवडत नाही."

"टोमॅटो आणलेत, उम्म रायिक."

"आणलेस? बरं केलंस. बाजारात पुरुषांच्या गर्दीत उभी राहतेस म्हणे. शेजारीण विचारत होती, तुमची जाऊ काय विकते? मी म्हटलं, बाई, मला विचारू नका, मी शिकलेली नाही."

मुनीब गॅलरीतून हे ऐकायचा. एकदा तो हळूच म्हणाला, "तिला बोलू दे. दुकान झालं की तिचा पहिला फोटो मी फुकट काढीन. सगळ्या सुरकुत्यांसकट." आणि दोघं तोंडावर हात धरून हसली. अंधारखोलीची मापं त्याने एका सिगारेटच्या खोक्यावर काढून ठेवली होती. रोज त्यात काहीतरी बदलायचा.

पण फटीतून दिनार सुटत होते ते थेंबाथेंबाने. फेब्रुवारीत वजीहाने हिशेब मांडला: या चालीने चार हजार व्हायला आणखी दोन वर्षं लागणार होती, आणि होव्सेप जूनमध्ये जाणार होता.

त्याच सुमाराला एके दिवशी एक गड्डी संध्याकाळी तिच्याकडे राहून गेली. पाऊस लागला होता आणि अबू झुहदी लवकर गेला होता. तिला त्या रात्री झोप नाही. सकाळी घोड्यांचा भाव चढला होता, आणि आठवड्याच्या कष्टाचे पैसे तिला एका सकाळी मिळाले. पंधरवड्याने तिने हे मुद्दाम करून पाहिलं. पुन्हा चढला. कुवेती नोटांचा जो काटा दोन वर्षं सलत होता, तो आता तिला वाट दाखवू लागला. तेव्हा चूक काय झाली होती? घाबरून विकलं. ज्यांनी धरून ठेवलं ते तरले. चांगली नोट पडते आणि उठते, धीर हवा. हा धडा तिला एकटीलाच मिळाला होता असं नाही. कुवेतहून आलेल्या निम्म्या लोकांनी तोच मनात धरला होता, आणि फैसल रस्त्यावर घोडे घ्यायला तीच माणसं उभी असायची.

मार्चपासून ती रोज दिवस कलताना अबू झुहदीच्या खोपटीत जायची. त्याला पेटी रिकामी करायची असायची, तिला घोडे हवे असायचे.

"बँकेत ठेव ते पैसे," तो म्हणायचा. "पागडीचे आहेत."

"काका, कुवेती नोट विसरलात?"

"कुवेतच्या नोटेसाठी सगळं जग लढायला आलं, पोरी. या नोटेसाठी कोण येणार आहे?"

"नोट बघा ना. असा कागद, अशी छपाई. ती दुसरी रद्दी छापतात म्हणजे ही मौल्यवानच होत जाणार."

"मी सांगितलं होतं, नोटेवर जीव जडवू नकोस."

"देताय की शेजारी जाऊ?"

अबू झुहदी क्षणभर पेटीकडे बघायचा. मग गड्डी काचेवरून सरकवायचा. "घे."

आणि टोपी घालून, हलक्या हातांनी घरी जायचा.

कन्आन नावाचा एक इराकी ट्रकवाला होता. बगदादहून तेल घेऊन यायचा, परत जाताना औषधं, टायर, दुधाची भुकटी न्यायचा. बडबड्या माणूस. मेच्या सुरुवातीला तो खोपटीत आला, काळ्या लिंबांची पुडी अबू झुहदीपुढे टाकली, आणि गोणपाटाच्या पिशवीतून घोड्यांच्या गड्ड्या काढायला लागला. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त होत्या.

"काय रे, बँक लुटलीस?" अबू झुहदीने विचारलं.

"आईची बचत आहे, हाजी. आणि मावशीची, आणि मेव्हण्याची. म्हातारीच्या साखरेचं औषध घ्यायचंय सहा महिन्यांचं, आणि ट्रकला दोन टायर. टायर आधी घेऊ की औषध, विचारलं तर म्हातारी म्हणते, टायर घे, तू पोचलास तर औषध पोचेल." तो स्वतःच हसला. मग वजीहाकडे वळला. "ताई, तुम्हीच घ्या. माझ्यापेक्षा बरे दिसतात हे घोडे. खातही नाहीत काही."

त्याला घाई होती म्हणून भाव पाडून मागितला तरी तो देणार होता. अबू झुहदीने नोटा चाळल्या, चष्मा काढला, पुसला.

"मी थोड्याच घेईन," तो म्हणाला. "आज घेणारं कुणी नाही."

"बाकीच्या मी घेते," वजीहा म्हणाली.

"एवढ्या?"

"एवढ्या स्वस्त पुन्हा मिळणार नाहीत. पंधरा दिवस धरल्या की पागडी पूर्ण."

ती घरी जाऊन पागडीचे उरलेले पैसे घेऊन आली. अबू झुहदीने स्वतःचा थोडासा वाटाही संध्याकाळी तिलाच दिला, नेहमीच्या भावाने.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी, सकाळी, उम्म रायिक ओट्याशी कणीक मळत होती आणि रेडिओ चालू होता. वजीहा पुदिना निवडत होती. बातम्या सांगणाऱ्याने शांतपणे सांगितलं: इराकने पंचवीस दिनारची जुनी नोट रद्द केली, ज्यांच्याकडे असेल त्यांनी थोड्या दिवसांत बदलून घ्यावी, फक्त इराकच्या आत, आणि तेवढे दिवस इराकच्या सगळ्या सीमा बंद.

"चला," उम्म रायिक म्हणाली, "त्यांचंही दिवाळं वाजलं. बिचारे इराकी." कणीक उलटून तिने वर पाहिलं. "वजीहा? अगं, पुदिना पायाखाली गेला."

वजीहा घरातल्या सपाता घालूनच पायऱ्या उतरली. फैसल रस्त्यावर गर्दी होती, पण आवाज बाजाराचा नव्हता. एक जाडा माणूस दुकानाच्या पायरीवर बसून गुडघ्यावर थापा मारत होता. निम्मी दारं अर्धी ओढलेली. अबू झुहदी आपल्या स्टुलावर होता. काचेच्या पेटीत रियाल होते, लिरा होत्या, डॉलर होते. घोडा एकही नव्हता.

"काका."

"बस."

"काय भाव?"

"भाव नाही, पोरी."

"दोन भाव असतात. तुम्हीच शिकवलंत. घ्यायचा नसेल तर नसो. द्यायचा सांगा."

त्याने चहा सांगितला. पेला तिच्यापुढे आला तो तिने उचलला नाही. ती पेटीकडे बघत होती, आणि आत्ता तिला ते गणित दिसलं.

"तुमची पेटी रोज रिकामी व्हायची," ती म्हणाली, "कारण माझं कपाट भरायचं."

"मी नियम सांगितला होता."

"सांगितला होतात. आणि गड्डी सरकवली होतीत."

"तू घेतली नसतीस तर दुसऱ्याने घेतली असती. कुणीतरी घेतंच, म्हणून तर दुकान चालतं." म्हाताऱ्याचा आवाज खाली गेला. "रोज संध्याकाळी मला वाटायचं, आज नको द्यायला हिला. मग वाटायचं, मग द्यायची कुणाला?"

वजीहाला वाटलं होतं आपण ओरडू. पण ओरडण्यासारखं त्यात काही नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता.

ती तशीच ट्रक थांबतात तिथे गेली. कन्आन ट्रकच्या सावलीत उकिडवा बसला होता, शेजारी औषधांचं खोकं ओल्या फडक्यात गुंडाळलेलं.

"मला ठाऊक नव्हतं, ताई," तिला बघताच तो उठला. "माझ्या आईच्या डोळ्यांची शपथ, ठाऊक नव्हतं."

"नेशील का परत? बदलून आण. निम्मे तुझे."

"सीमा बंद आहे. मीच इथे अडकलोय. हे औषध उन्हात खराब होतं म्हणतात, तीन वेळा बर्फ आणला." तो कपाळ पुसत म्हणाला, "उघडेल सीमा तेव्हा मुदत संपलेली असेल. तेवढ्यासाठीच बंद केलीय."

मुदत संपली. वजीहाने घरी सांगितलं ते त्यानंतर. तोवर तिने, काहीतरी घडेल म्हणून, तोंड उघडलं नव्हतं. मुनीब गॅलरीत होता. तिने कपाटातली पिशवी आणून त्याच्या मांडीवर ठेवली.

"पागडी," ती म्हणाली.

त्याने पिशवीत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खिशातून ते भिंग काढलं, ज्याने तो निगेटिव्ह तपासायचा, एक नोट उजेडात धरली आणि घोड्यांच्या आयाळीवरून भिंग हळूहळू फिरवलं.

"छपाई सुंदर आहे," तो म्हणाला.

"मुनीब, काहीतरी बोल."

"बोललो ना. माझी सुद्धा फसगत झाली असती." त्याने नोट पिशवीत नीट घातली, कड न दुमडता. सिगारेटच्या खोक्यावरची मापं त्याने फाडली नाहीत, फेकलीही नाहीत. फक्त त्या दिवसानंतर त्यात काही बदललं नाही.

उम्म रायिकने आतून सगळं ऐकलं होतं. ती काहीतरी बोलेल म्हणून वजीहा वाट बघत राहिली, दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. ती टोमणा मारेना. त्या घरातली सगळ्यात जड गोष्ट तिचं हे न बोलणंच होतं.

होव्सेपला सांगायला वजीहा एकटी गेली. त्याने सुस्कारा टाकला, भिंतीवरून एका अनोळखी वधूचा फोटो उतरवून तिला दिला आणि म्हणाला, "नवऱ्याला दे. उजेड कसा टाकलाय ते त्याला कळेल." जूनमध्ये त्या दुकानात चपला आल्या.

हेमंतात एक कुर्द व्यापारी गल्लोगल्ली फिरून घोड्यांच्या नोटा विचारू लागला. उत्तरेत, बगदादचा हुकूम जिथे चालत नाही तिथे, लोक अजून त्याच वापरतात, असं तो म्हणायचा. भाव अगदीच क्षुल्लक द्यायचा. वजीहाने दुसरा आकडासुद्धा विचारला नाही. आलेल्या पहिल्या भावाला सगळी पिशवी देऊन टाकली. धरून ठेवायचं नाही, हे ती आता शिकली होती. आलेल्या पैशांतून तिने मुनीबला जुना कॅमेरा घेऊन दिला. पुढे दहा वर्षांनी, बगदादचं राज्य कोसळल्यावर, उत्तरेतल्या त्या नोटा नव्या चलनात बदलून दिल्या गेल्या, आणि भाव असा लागला की वजीहाच्या पिशवीत दोन-तीन दुकानांची पागडी निघाली असती. ते तिला दिराच्या मुलाने वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं. तिने पुरतं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आज ब्रेड आणलास का?"

मुनीबने तो कॅमेरा घेऊन पासपोर्ट कचेरीबाहेर फरशीवर पाच वर्षं लोकांचे छोटे फोटो काढले. लोक म्हणत, याच्या फोटोत माणूस आहे त्याहून शांत दिसतो. अठ्ठ्याण्णवच्या थंडीत छातीच्या दुखण्याने तो गेला. होव्सेपने कॅनडाहून दरवर्षी एक कार्ड पाठवलं. मुनीब गेल्यावर ती कार्डंही थांबली, दोघांतलं आधी कोण गेलं ते कळलं नाही.

कन्आन सीमा उघडल्यावर गेला आणि पुढे दोन वर्षं येत राहिला. औषध पोचलं होतं, पण खराब झालेलं. त्याची आई त्या उन्हाळ्यात गेली. हे त्याने एकदाच सांगितलं आणि त्यानंतर त्याने खोपटीत विनोद केले नाहीत. मग त्याचा ट्रक यायचा बंद झाला.

अबू झुहदीची दृष्टी गेली. पेटी त्याच्या मुलाने काही दिवस चालवली, नंतर तिथे मोबाइल फोनचं दुकान झालं. मरायच्या आधी त्याने वजीहाला बोलावणं धाडलं होतं. ती गेली, त्याच्यापाशी बसली, गावाच्या विहिरीविषयी दोघं बोलली. दुसऱ्या कुठल्या गोष्टीचा विषय निघाला नाही.

उम्म रायिक नवरा गेल्यावर मुलाकडे जर्काला राहायला गेली. जाताना मागची खोली वजीहाच्या नावाने लिहून दिली, आणि वर म्हणाली, "मला काही कळत नाही यातलं, मी शिकलेली नाही, तू सही कर."

वजीहा त्याच खोलीत राहते. चौकातल्या इराकी बायकांच्या मुलींना तिने गणित शिकवलं, कितीतरी वर्षं, मिळेल त्या पैशांत. आता त्यांच्या मुली येतात. गुडघे गेल्यापासून टेकडीच्या पायऱ्या उतरत नाही, त्यामुळे बाजार तिने पुन्हा पाहिलेला नाही.